धोक्याचं वळण दुरुस्त करून घ्यायचंय? एक फाईल नको, चार करा

सातारा-सांगली भागातल्या गावांच्या निवेदनांत एक ओळ ठरलेली असते: ‘सदर धोकादायक वळण सरळ करण्यात यावे.’ खाली सरपंचांची सही, शिक्का आणि मागे दोनशे सह्यांची पानं. निवेदन देतानाचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. पुढच्या वर्षी तेच निवेदन तारीख बदलून पुन्हा जातं.

माझ्या मते काम अडतं ते याच ओळीमुळे. वळण सरळ करायचं म्हणजे रस्ता कुणाच्या तरी रानातून न्यायचा. जमीन आली की मोजणी आली, संमती आली, मोबदला आला, आणि सातबारावर सहा भावांची नावं असतील तर सहाही जणांच्या सह्या आल्या. फाईल तिथं बसते. ती बसलीय म्हणून जे पंधरा दिवसांत होण्यासारखं आहे, म्हणजे पाटी, झुडपं काढणं, साइडपट्टीला मुरूम, तेही होत नाही. ‘तिथलं काम प्रस्तावित आहे’ हे उत्तर तयार असतं.

म्हणून वळणाचं काम सुरुवातीलाच चार भागांत तोडायचं: दिसणं, पृष्ठभाग, वेग आणि जमीन. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, निधी वेगळा, वेळही वेगळी. जमिनीची फाईल पाच वर्षं लोळत पडली तरी बाकीच्या तीन चालू राहतात.

आधी रस्ता कुणाचा ते काढा

बरेच अर्ज चुकीच्या टेबलावर पडून वाया जातात. राष्ट्रीय महामार्ग सोडला तर ढोबळ वाटणी अशी: राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेतून झालेल्या रस्त्याला ग्रामीण रस्ते विकास संस्थेचा वेगळा कार्यकारी अभियंता असतो. तिथं ठेकेदारावर पाच वर्षांची देखभाल बांधलेली असते, म्हणून रस्त्याच्या सुरुवातीचा फलक आधी वाचा. काम पूर्ण झाल्याची तारीख पाच वर्षांच्या आतली असेल तर खचलेली साइडपट्टी आणि पडलेली पाटी यांसाठी नवा निधी मागायची गरजच नाही.

फलक गंजून गेला असेल तर पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात जा आणि शाखा अभियंत्याकडून दोन गोष्टी लिहून घ्या. एक, रस्त्याचा क्रमांक, म्हणजे ‘ग्रामीण मार्ग क्र. अमुक’. दोन, वळणाची साखळी. साखळी म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर. २/४०० म्हणजे दोन किलोमीटर चारशे मीटर. ‘म्हसोबाच्या वडाजवळचं वळण’ गावाला कळतं, अंदाजपत्रकाला कळत नाही. अर्जात दोन्ही लिहा आणि मोबाईलवरून अक्षांश-रेखांशही टाका.

वळण मोजा

यासाठी इंजिनिअर लागत नाही. २० मीटरची न ताणणारी दोरी, टेप, गवंड्याकडची पाण्याची लेव्हल नळी आणि दोन्ही बाजूंना लाल फडकं घेऊन उभी राहणारी दोन माणसं पुरे. सकाळी लवकर, वाहतूक कमी असताना करा.

दोरीची दोन्ही टोकं वळणाच्या बाहेरच्या कडेवर, डांबर संपतं तिथं धरा. दोरी रस्त्यावरून आडवी जाईल. तिच्या मध्यापासून बाहेरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. हे अंतर जितकं जास्त, तितकं वळण तीव्र. अंतर १ मीटर आलं तर बाहेरच्या कडेची त्रिज्या साधारण ५० मीटर, २ मीटर आलं तर २६, ३ मीटर आलं तर १८. पावणेचार मीटर रुंदीच्या एकेरी रस्त्यावर, पूर्ण ढाळ दिलेला आहे असं धरलं, तर या तीन वळणांवर हिशोबाने सुरक्षित वेग अनुक्रमे ताशी ३७, २६ आणि २१ किलोमीटरच्या आसपास निघतो. तिथून मोटारसायकली किती वेगाने जातात ते तुम्हाला माहीतच आहे.

आता ढाळ. वळणावर रस्त्याची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा उंच हवी. सपाट मुलखात हा ढाळ जास्तीत जास्त ७ टक्के धरतात, म्हणजे पावणेचार मीटरच्या रस्त्यावर बाहेरची कड सुमारे २६ सेंटिमीटर वर. लेव्हल नळी दोन्ही कडांना लावून फरक वाचा. बऱ्याच गावरस्त्यांवर वळणावरही सरळ रस्त्यासारखाच कॅम्बर असतो: मधे उंच, दोन्हीकडे उतरता. म्हणजे बाहेरच्या बाजूने जाणारी गाडी उलट्या उतारावर असते. २६ मीटरच्या त्या वळणावर असा तीन टक्के उलटा उतार असेल तर सुरक्षित वेग ताशी २० च्याही आत येतो. हा एक आकडा अर्जात असला की अभियंता अर्ज बाजूला ठेवत नाही, कारण तो त्याच्याच भाषेतला असतो.

तिसरं माप दिसण्याचं. स्कूटरवर बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून, म्हणजे जमिनीपासून सुमारे १.२ मीटरवरून, समोरची गाडी किती मीटरवर दिसते ते मोजा. ताशी ४० च्या वेगाला थांबायला ४५ मीटर धरतात. पण एकेरी रस्त्यावर समोरचाही त्याच पट्ट्यातून येत असतो, त्यामुळे दुप्पट, म्हणजे ९० मीटर दिसायला हवं. आणि हे माप वर्षातून दोनदा घ्या. मे महिन्यात रान मोकळं असतं तेव्हा वळण आरपार दिसतं. ऑक्टोबरात दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच ऊस असतो. अधिकाऱ्यांची पाहणी बहुधा उन्हाळ्यात होते, आणि ‘दृश्यमानता समाधानकारक’ असा शेरा पडतो.

डांबराची कड आणि साइडपट्टी यांतला फरकही स्केलपट्टी लावून फोटोत घ्या. थरावर थर चढून रस्ता वर गेलेला असतो, कड वीतभर उघडी पडलेली असते. उसाच्या ट्रॉलीला बाजू देताना दुचाकी घसरते ती इथंच.

नोंदवही

सरकारी व्याख्येतला अपघातप्रवण पट्टा, म्हणजे ब्लॅक स्पॉट, राष्ट्रीय महामार्गासाठी असा ठरवतात: साधारण ५०० मीटरचा पट्टा, ज्यावर तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात किंवा दहा मृत्यू झालेत. गावच्या रस्त्यावरचं वळण या मापात सहसा बसत नाही. तिथं माणसं पडतात, गुडघे फुटतात, हात मोडतो, कुणीतरी उचलून दवाखान्यात नेतं आणि विषय संपतो. पोलीस अपघात ज्या संगणक प्रणालीत भरतात तिच्यात यातलं काही जात नाही. म्हणजे कागदावर तुमचं वळण सुरक्षित आहे.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. वळणाजवळचं दुकान, चहाची टपरी किंवा वस्ती यांपैकी एका ठिकाणी वही ठेवा. तारीख, वेळ, वाहन, कोणत्या दिशेने येत होतं, उजेड-पाऊस, काय झालं. नावं लिहू नका; लोक पोलीस केसला घाबरून मग सांगतच नाहीत. नुसती गाडी रस्त्याखाली गेली, कुणाला लागलं नाही, तेही लिहा. वर्षभराने वही काढली की दिशा दिसू लागते: सगळे घसरणारे तासगावकडून येणारे आहेत, किंवा सगळे रात्री आठनंतरचे. कोणती पाटी कुठं हवी हे वहीच सांगते.

जोडीला पोलीस ठाण्याकडे माहितीचा अधिकार टाका. दहा रुपये फी, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा. मागायचं एवढंच: ‘ग्रामीण मार्ग क्र. … साखळी … ते … दरम्यान मागील तीन कॅलेंडर वर्षांत नोंदलेल्या अपघातांची संख्या, तारखा व प्रकार.’ उत्तराला ३० दिवस. आकडा शून्य आला तरी तो कागद जपा. तुमच्या वहीशेजारी तो ठेवला की फरक आपोआप दिसतो.

पहिली फाईल: जे लगेच होतं

हा अर्ज शाखा अभियंत्याच्या नावाने, एका पानाचा. मागण्या मोजून:

- वळणाआधी दोन्ही बाजूंना लाल काठाची त्रिकोणी इशारा पाटी. वळण डावं की उजवं, हे चित्रात बरोबर हवं. हसू नका, उलटी लावलेली पाटी पाहायला फार लांब जावं लागत नाही.
- बाहेरच्या कडेने पिवळ्या पार्श्वभूमीवर काळ्या बाणांचे शेव्हरॉन फलक. एकावर समाधान मानू नका. चालकाला एकाच वेळी किमान दोन दिसले पाहिजेत.
- साइडपट्टीला मुरूम टाकून दाबणे. ‘टाकून’ एवढंच लिहिलंत तर टाकतील आणि पहिल्या पावसात जाईल.
- आतल्या बाजूची घाणेरी, बाभळीची झुडपं काढणे. फांद्या छाटणं वेगळं आणि झाड तोडणं वेगळं. मोठ्या झाडाला परवानगी लागते, म्हणून ती मागणी या अर्जात घालू नका, त्यापायी बाकी सगळं अडेल.

दुष्काळी पट्ट्यात, म्हणजे माण, खटाव, आटपाडी, जतकडे, वळणालगतच्या उघड्या विहिरी हा वेगळाच धोका आहे. त्याला बांधकाम खात्याच्या निधीची वाट पाहायची गरज नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली (जुन्या फौजदारी संहितेचं कलम १३३) सार्वजनिक रस्त्यालगतची विहीर किंवा खड्डा कुंपणाने सुरक्षित करण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. तहसील किंवा प्रांत कार्यालयात अर्ज द्या. त्याआधी विहीरमालकाशी बोला. कठड्याला चार पोती सिमेंट ग्रामपंचायतीने दिलं तर प्रकरण तिथंच मिटतं.

बहिर्वक्र आरशाबद्दल मी फार उत्साही नाही. गावठाणात दोन भिंतींमधल्या काटकोनी वळणावर तो उपयोगी पडतो. मोकळ्या रस्त्यावर त्यात गाडी आहे त्यापेक्षा लांब वाटते, धूळ बसते, आणि महिनाभरात कुणीतरी दगड मारतं.

दुसरी फाईल: वेग, गतिरोधक मागण्याआधी

अपघात झाला की दुसऱ्या दिवशी गाव गतिरोधक मागतं, किंवा रात्रीत स्वतःच मुरूम-डांबराचा उंचवटा करतं. ऐन वळणावर गतिरोधक नको. दुचाकी तिथं कललेली असते, उंचवट्यावर चाक उचललं की ती आडवी होते. वेग वळणाच्या आधी कमी व्हायला हवा. त्यासाठी सरळ भागात रम्बलर पट्ट्या, म्हणजे गाडी थरथरवणाऱ्या कमी उंचीच्या आडव्या पट्ट्या, मागा. गतिरोधकच हवा असेल तर तोही वळणाच्या पुरेसा अलीकडे, पाटी आणि रंगवलेल्या पट्ट्यांसह, मापात: गोलाकार, ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच. गावकऱ्यांनी स्वतः घातलेल्या उंचवट्यावर कुणी पडलं तर जबाबदारी गावकऱ्यांवर येते.

उसाचा कोपरा

कराड, वाळवा, पलूस, कोरेगावच्या बागायती पट्ट्यात निम्मी वळणं रस्त्यामुळे नाही, पिकामुळे आंधळी आहेत. इथं सरकारचं काही काम नाही, गावानेच करायचं.

६० मीटर त्रिज्येचं वळण घ्या. ताशी ३० ने येणाऱ्या दोन गाड्यांना एकमेकी ६० मीटरवर दिसायला आतल्या बाजूला, वाहनाच्या मार्गापासून मोजलं तर, साडेसात मीटरपर्यंत मोकळं लागतं. रस्त्याची निम्मी रुंदी वजा केली तर शेतकऱ्याच्या रानातला दोन-अडीच गुंठ्यांचा, चंद्रकोरीसारखा तुकडा. गुंठ्याला टन धरला तर दोन-अडीच टन ऊस. टनाला तीन हजारांच्या पुढे हिशोब केला तरी सात-आठ हजारांचं ढोबळ उत्पन्न. त्यात तो सोयाबीन, भुईमूग, हरभरा घेणारच आहे, म्हणजे खरं नुकसान याहून कमी. एवढी रक्कम यात्रा कमिटी एका संध्याकाळी आतषबाजीत उडवते.

तरी शेतकरी नाही म्हणतो, ते पैशासाठी नाही. त्याला भीती असते की एकदा कोपरा मोकळा सोडला की पुढच्या डांबरीकरणात रस्ता आत सरकेल. भीती खोटी नाही. म्हणून आधी लेखी द्या: कोपऱ्याची मालकी, ताबा आणि सातबारा शेतकऱ्याचाच, फक्त उंच पीक घ्यायचं नाही, बदल्यात दरवर्षी ठरलेली भरपाई, मुदत तीन वर्षं. कोपऱ्यावर त्याच्या खर्चाने नाही, गावाच्या खर्चाने हद्दीचे दगड रोवा. घरी जाऊन, वडीलधाऱ्यांना पुढे घालून बोला. ‘आप्पा, तुमच्याच नातवंडांची शाळेची वाट आहे’ हे ग्रामसभेत सगळ्यांदेखत बोललं तर माणूस अडून बसतो, ओसरीवर बोललं तर ऐकतो.

गाळप हंगाम सुरू होण्याआधी कारखान्याच्या शेती विभागाशीही बोलून ठेवा. ट्रॉल्यांना मागून रिफ्लेक्टर, वळणावर ट्रॉली उभी न करणं, भरताना बाहेर आलेली मोळी कापणं. गटातल्या चिटबॉयला, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, सांगितलेलं वरच्या साहेबांना लिहिलेल्या पत्रापेक्षा लवकर पोचतं.

तिसरी फाईल: पृष्ठभाग, डांबर पडायच्या आधी

ढाळ दुरुस्त करायची सगळ्यात स्वस्त वेळ म्हणजे रस्त्याचं नूतनीकरण. त्या वेळी खडी-डांबर येणारच असतं. बाहेरची कड उचलायला थोडं जास्तीचं साहित्य लागतं, एवढंच. एकदा सपाट कारपेट पडलं की पुढच्या नूतनीकरणापर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. म्हणून कामाचं भूमिपूजन होण्याची वाट पाहू नका. अंदाजपत्रक तयार होत असताना तुमची मापं शाखा अभियंत्याच्या हातात पडली पाहिजेत.

वर्षाचं गणित असं चालतं. जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा हिवाळ्यात आकार घेतो, त्यामुळे ठराव २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपर्यंत झालेला बरा. दुरुस्तीची कामं सहसा ३०५४ या लेखाशीर्षाखाली (म्हणजे सरकारी खर्चाच्या खात्याखाली), सुधारणेची ५०५४ खाली. गावांतर्गत मूलभूत सुविधांसाठी आमदारांमार्फत २५१५ या लेखाशीर्षाचा पर्याय असतो. मंजुरीनंतर तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, आणि मधे एखादी आचारसंहिता. डांबर टाकायचे महिने नोव्हेंबर ते मे. जूनला पाऊस आला की ऑक्टोबरपर्यंत बंद. मार्चअखेरची घाई हा धोका आहे: बिल निघायची गडबड असते तेव्हा पाट्या आणि साइडपट्टी ‘नंतर करू’ म्हणून सुटतात.

ठरावाचा मजकूर साधा ठेवा: ‘ग्रामीण मार्ग क्र. … साखळी … येथील वळणावर बाहेरील कडेची उंची आतील कडेपेक्षा … सेंमी कमी असल्याचे मोजणीत आढळले आहे. नूतनीकरणाच्या अंदाजपत्रकात या वळणावर योग्य ढाळ, आतील बाजूस वाढीव रुंदी, दाबलेली साइडपट्टी व इशारा फलक यांचा समावेश करावा. मोजणीचा तक्ता व छायाचित्रे सोबत.’ वाढीव रुंदीचा आकडा इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात आहे: एकेरी रस्त्यावर २० मीटरपर्यंतच्या त्रिज्येला ०.९ मीटर, त्यापुढे ६० मीटरपर्यंत ०.६ मीटर.

ढाळ मागताना अतिरेक नको. भरलेली उसाची ट्रॉली सावकाश चालते. जास्त ढाळ असला तर ती आतल्या बाजूला कलंडते. म्हणून मानकातला ढाळ पूर्ण वेगावर नाही, तीन चतुर्थांश वेगावर काढतात.

चौथी फाईल: जमीन

आधी गाव नकाशा आणि मोजणी. आपल्याकडचे बरेच रस्ते बांधाबांधाने गेलेल्या गाडीवाटा किंवा पाणंदी आहेत. वळण तिथं आहे कारण तिथं गटाची हद्द वळते. जुन्या नकाशात गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फुटांचा धरलेला असतो. पावणेचार मीटर डांबर म्हणजे सव्वाबारा फूट. म्हणजे काही ठिकाणी रुंदी रस्त्याचीच आहे, फक्त बांध पुढे सरकलाय. भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम करून घेतली तर संपादनाचा प्रश्नच उरत नाही, अतिक्रमणाचा उरतो. भांडण त्यातही आहे, पण ते गावातलं आहे.

खरोखर जमीन लागत असेल तर बक्षीसपत्र किंवा वाटाघाटीने थेट खरेदी. तोंडी ‘सोडलं’ म्हणणाऱ्या शेतकऱ्यावर रस्ता आखू नका. पुढची पिढी तार ओढते. महावितरणचा खांब आडवा असेल तर तो हलवायचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा धरावा लागतो, नाहीतर रुंद झालेल्या रस्त्याच्या मधोमध खांब उभा राहतो.

पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे वनजमीन मधे येते आणि १९८० च्या वन संवर्धन कायद्याखालची मंजुरी लागते. तिथं सरळ करण्याचा नाद सोडा. हेअरपिन वळणावर, म्हणजे घाटात रस्ता जिथं उलटा फिरतो तिथं, आतल्या कडेची त्रिज्या किमान १४ मीटर आणि ऐन वळणावर ग्रामीण मार्गाला साडेसहा मीटर रुंदी मागा, दरीकडे कठडा मागा, आणि वरून गोटे-माती आणणारं पाणी गटारात वळवायला सांगा.

उत्तर आलं नाही तर

प्रत्येक अर्जाची पोच घ्या, दुसरी प्रत उपअभियंत्याला. महिन्याने काय झालं ते लेखी विचारा. मग तालुका लोकशाही दिन, तिथं सुटलं नाही तर जिल्ह्याचा, जो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम २१५ खालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे तुमचं वळण विषयपत्रिकेवर घ्यावं असं पत्र जिल्हाधिकाऱ्यांना द्या. मोजणीचा तक्ता आणि वहीची प्रत जोडा. त्याच कायद्यात २०१९ पासून कलम १९८-अ आहे: रस्त्याचं डिझाइन, बांधकाम किंवा देखभाल मानकाप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. पहिल्या पत्रात हे लिहू नका, समोरचा माणूस बचावात जातो. तिसऱ्या पत्रात एका ओळीत लिहा. धोका लेखी कळवलेला होता, एवढं त्यातून कागदावर राहतं.

काम झाल्यावर

ठेकेदार असेपर्यंत लेव्हल नळी पुन्हा लावा. ढाळ अंदाजपत्रकाप्रमाणे नसेल तर मोजमाप पुस्तिकेत नोंद होण्याआधी लेखी कळवा. बिल निघाल्यावर ऐकणारं कोणी नसतं. शेव्हरॉनवर रात्री हेडलाइट टाकून पाहा, नुसता पिवळा रंग असेल तर चमकणार नाही. दोषदायित्वाची, म्हणजे ठेकेदाराने दोष स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची मुदत संपते ती, तारीख ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्या.

आणि वळण खरंच रुंद किंवा सरळ झालं असेल तर त्याच दिशेने पुढचं अर्धा किलोमीटर जाऊन बघा. गाड्या आता पुढच्या वळणावर किंवा ओढ्याच्या फरशी पुलावर जास्त वेगाने पोचणार आहेत. तिथल्या पाट्या त्याच ठेक्यात बसवता येतात का, हे ठेकेदाराचं मशीन गावातून जायच्या आत विचारा.